‘बॉल फोर’ : एका भटक्या पिचरची डायरी फील्डनोट्स म्हणून वाचताना

मागच्या दोन लेखांत आपण मुलाखत कशी घ्यायची आणि तिचं ट्रान्स्क्रिप्ट कसं वाचायचं ते पाहिलं. या वेळी फील्ड डायरीकडे वळू. गुणात्मक संशोधनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात फील्डनोट्सवर एक प्रकरण असतंच. ते वाचून कोर्सवर्कच्या पेपरात उत्तर लिहिता येतं, पण पहिल्या दिवशी वही उघडून बसलं की नेमकं काय लिहायचं ते त्या प्रकरणातून कळत नाही. म्हणून मी मेथडॉलॉजीच्या वाचनयादीत सहसा न दिसणारं एक पुस्तक निवडलंय : अमेरिकन बेसबॉल खेळाडू जिम बाउटन याचं ‘बॉल फोर’. ते १९७० मध्ये आलं. पत्रकार लेनर्ड शेक्टरने त्याचं संपादन केलं.

खेळाडूंच्या खासगी आयुष्याची भांडी फोडणारं पुस्तक अशी त्याची ख्याती आहे. मला ही ख्याती पुस्तकावर अन्याय करणारी वाटते. त्याच वेळी त्याचे चाहते त्याला ‘संपूर्ण सत्य’ म्हणतात, तेही मला पटत नाही. माझं म्हणणं असं : कामाच्या ठिकाणाबद्दलचा पुरावा म्हणून ही डायरी अव्वल आहे. ज्यांना त्या कामाच्या ठिकाणी जागाच नव्हती त्यांच्याबद्दल मात्र ती फार कच्ची आहे. आणि या दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे. ते कारण तुम्हाला दिसलं, तर तुमची स्वतःची वही तुम्ही वेगळ्या नजरेने वाचाल.

बेसबॉल माहीत नसेल तरी अडणार नाही. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. आपला गोलंदाज धावत येऊन टप्पा टाकतो. पिचर उंचवट्यावर उभा राहून, टप्पा न पाडता, थेट फेकतो. फलंदाजाने न खेळलेला चेंडू ठरावीक चौकटीच्या बाहेरून गेला तर त्याला ‘बॉल’ म्हणतात. असे चार झाले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. हा चौथा बॉल म्हणजे ‘बॉल फोर’, पिचरच्या दृष्टीने नको असलेली गोष्ट. स्वतःच्या पुस्तकाला हे नाव देणारा माणूस कसा असेल याचा अंदाज तिथेच येतो.

लिहिणारा कोण, कुठे उभा आहे?

कुठलीही डायरी हातात आली की पहिला प्रश्न हा विचारायचा. बाउटनचा जन्म १९३९ चा. १९६२ मध्ये तो न्यूयॉर्क यांकीज या तेव्हाच्या सगळ्यात वजनदार संघातून वरच्या दर्जाचं बेसबॉल खेळू लागला. १९६३ मध्ये त्याने २१ सामने जिंकले, ७ हरले. पुढच्या वर्षी १८ जिंकले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये दोन. त्या काळी तो इतक्या जोरात फेकायचा की फेकताना डोक्यावरची टोपी उडून पडायची. मग १९६५ मध्ये हात दुखावला. त्या वर्षीचा हिशोब : ४ विजय, १५ पराभव. वेग गेला तो गेलाच. १९६८ मध्ये यांकीजनी त्याचा करार सिॲटलला विकून टाकला.

इथून त्याची भटकंती सुरू होते. १९६९ मध्ये सिॲटल पायलट्स हा अगदी नवा संघ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये काही आठवडे व्हँकूव्हरच्या दुय्यम संघात रवानगी, मग परत सिॲटल, आणि ऑगस्टच्या शेवटी ह्यूस्टन ॲस्ट्रोजशी अदलाबदल. १९७० मध्ये निवृत्ती. मग टीव्हीवर खेळाच्या बातम्या. त्यानंतर खालच्या पातळीवरच्या लहान संघांतून पुन्हा खेळणं, आणि १९७८ मध्ये, वयाच्या एकोणचाळिशीत, अटलांटा ब्रेव्ह्जकडून पुन्हा वरच्या दर्जाचे सामने. त्या सप्टेंबरमध्ये त्याने आठ वर्षांनंतरचा पहिला विजय मिळवला. वरच्या दर्जाची त्याची एकूण कमाई ६२ विजय आणि ६३ पराभव. म्हणजे आकड्यांत पाहिलं तर हिशोब जवळपास बरोबरीत.

आता १९६९ मधला बाउटन पाहा. तो तारा नाही, नवखाही नाही. शिखर पाहिलेला, पण आता काठावर उभा असलेला माणूस. हाताशी एकच हत्यार उरलंय : नकलबॉल. बोटांच्या टोकांनी धरून हा चेंडू जवळजवळ न फिरवता सोडतात. फिरकी नसल्यामुळे शिवणीवरून जाणारी हवा त्याला कधी इकडे, कधी तिकडे ढकलते. तो कुठे वळेल हे फेकणाऱ्यालाही माहीत नसतं. वेग लागत नाही म्हणून दुखऱ्या हाताला परवडतो. पण तो बसायला रोजचा सराव लागतो, पकडणाऱ्याला त्याचा वैताग येतो आणि प्रशिक्षकांना त्यावर भरवसा वाटत नाही.

काठावर असण्याचा संशोधनाच्या दृष्टीने एक फायदा असतो. मधोमध बसलेल्या माणसाला ठिकाणाचे नियम दिसत नाहीत, कारण ते त्याच्या बाजूने चालतात. काठावरच्याला ते रोज टोचतात. कोणाला सरावाला वेळ मिळतो, कोणाची चूक हसण्यावारी जाते, प्रशिक्षक कोणाशी बोलायचं टाळतो, या सगळ्यावर त्याचं बारीक लक्ष असतं, कारण त्याची नोकरी त्यावर अवलंबून आहे. ‘बॉल फोर’ची नजर या भीतीतून आलेली आहे. पत्रकाराला ती मिळाली नसती. पत्रकाराला संध्याकाळी कोणी व्हँकूव्हरला पाठवणार नव्हतं.

नोंदी कशा झाल्या?

दुसरा प्रश्न : हे कधी आणि कशावर लिहिलं? बाउटन दिवसभर हाताला लागेल त्या कपट्यावर टिपून ठेवायचा. पाकीट, हॉटेलचा कागद, विमानातली पिशवी, काहीही. मग ते टेपरेकॉर्डरवर बोलायचा. टेप शेक्टरकडे जायच्या, टाइप व्हायच्या, आणि त्यातून दोघांनी पुस्तक उभं केलं. म्हणजे छापील पानापर्यंत चार थर आहेत : घडलेलं, टिपलेलं, बोललेलं, संपादित केलेलं.

हे चार थर तुमच्याही कामात असतात. तुम्ही शेतकऱ्याशी बोलता, बसमध्ये मोबाइलवर दोन ओळी टिपता, रात्री वहीत विस्ताराने लिहिता आणि दोन वर्षांनी प्रबंधात त्यातला एक उतारा वापरता. परीक्षक विचारतील तो प्रश्न या थरांमधल्या फटींबद्दल असतो. बाउटनचे कागद पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले, त्यामुळे कोणाला छापील पुस्तक मूळ टिपणांशी ताडून पाहायचं असेल तर वाट उघडी आहे. तुमच्या कपट्यांना लायब्ररी मिळो न मिळो, ते फेकू नका. स्वच्छ वहीत उतरवल्यावर कच्चं टिपण टाकून देणं ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे.

त्याच दिवशी लिहिण्याचं मोल कळायला आपल्याकडचं एक उदाहरण शेजारी ठेवू. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या एका गावात १९४८ मध्ये फील्डवर्क केलं. १९७० मध्ये, म्हणजे ‘बॉल फोर’ आलं त्याच वर्षी, स्टॅनफर्डमधल्या त्यांच्या खोलीला आग लावली गेली आणि वर्षानुवर्षं तयार केलेल्या नोंदी जळाल्या. त्यांनी मग बरंचसं स्मरणाच्या आधारे ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ लिहिलं. ते १९७६ मध्ये आलं आणि गाजलं. स्मरणाने गावाला एक आकार दिला, माणसं ठसठशीत केली. डायरीत असा आकार नसतो. ‘बॉल फोर’मध्ये मंगळवारी जो माणूस मूर्ख वाटतो तो शुक्रवारी भला वाटतो, आणि दोन्ही नोंदी तशाच राहतात. स्मरण हा विरोध गुळगुळीत करून टाकतं. दोन्ही प्रकारांना जागा आहे, पण त्यांच्याकडून एकच काम मागू नका.

कंटाळवाण्या पानांतला ऐवज

गाजलेली पानं बाजूला ठेवा आणि पैशाची पानं वाचा. डायरीची सुरुवातच पगाराने होते : सिॲटलशी २२,००० डॉलरचा करार. मग आधीच्या वर्षांची घासाघीस येते. किती मागितले, क्लबने किती देऊ केले, शेवटी कितीवर तुटलं. खेळाडूने स्वतःचा पगार असा वर्षावार जाहीर करणं तेव्हा शिष्टसंमत नव्हतं. क्लबना ते सोयीचंच होतं. शेजारच्याला किती मिळतात हे माहीत नसलेला माणूस कमी मागतो.

हे आकडे इतके महत्त्वाचे का, हे समजायला त्या काळचा करार पाहावा लागतो. प्रत्येक करारात एक कलम असायचं. मुदत संपल्यावर खेळाडूने सही केली नाही, तरी क्लबला करार आणखी एक वर्ष वाढवता येई. क्लब या कलमाचा अर्थ असा लावत की वाढवलेल्या करारातही ते कलम असतंच, म्हणून तो पुन्हा वाढवता येतो, आणि असं कायमचं. परिणाम असा की खेळाडूला क्लब विकू शकत होता, पण खेळाडू स्वतःहून दुसरीकडे जाऊ शकत नव्हता. १९६८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने, मार्विन मिलर यांच्या नेतृत्वाखाली, पहिला सामूहिक करार केला, तेव्हा किमान वार्षिक पगार ६,००० डॉलरवरून १०,००० वर गेला. बाउटनची डायरी त्याच्या पुढच्याच वर्षाची आहे.

हे लक्षात घेतलं की ‘भरपूर संघ फिरलेला पिचर’ या वर्णनाकडेही नीट पाहावं लागतं. आपण ते वाचताना स्वभावाचा गुण समजतो, एखादा माणूस कुठे टिकत नाही तसं. पण १९६९ मध्ये सिॲटलहून ह्यूस्टनला जाण्यात बाउटनचा निर्णय कुठेच नव्हता. त्याला कळवलं गेलं की त्याच्या बदल्यात डूली वोमॅक नावाचा पिचर घेतलाय आणि निघावं लागेल. मोसम संपला तेव्हा त्याने दोन संघांकडून मिळून ७३ सामन्यांत गोलंदाजी केलेली होती. हा प्रवास त्याच्या नावावर नोंदला गेला, पण केला क्लबनी. तुमच्या संशोधनात स्थलांतर, नोकरी बदलणं, शाळा सोडणं असे शब्द असतील, तर क्रियापदाचा कर्ता तपासा. मुलीने शाळा सोडली की शाळा सुटली? ऊसतोडीला कुटुंब गेलं की मुकादमाची उचल फेडायला जावं लागलं? तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात बसतात.

दुसरा ऐवज प्रशिक्षकांबद्दलचा आहे. पायलट्सचा मॅनेजर जो शुल्झ आणि पिचिंग प्रशिक्षक सॅल मॅग्ली हे डायरीत पुन्हा पुन्हा येतात. सल्ले आज एक, उद्या त्याच्या उलट. सामना जिंकला की सल्ला बरोबर होता, हरला की पिचरने तो पाळला नाही. कुठल्याही उतरंडीच्या ठिकाणी ज्ञान कोणाचं मानलं जातं याचं इतकं सरळ चित्रण मी कमी वाचलंय. सहकाऱ्यांत माइक मार्शल नावाचा एक पिचर आहे. शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणारा, आपली फेक आपण ठरवू पाहणारा, म्हणून विक्षिप्त ठरलेला. हाच मार्शल १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून एका मोसमात १०६ सामन्यांत खेळला, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला आणि पुढे पीएचडीही झाला. तोही आयुष्यात नऊ संघ फिरला. १९६९ च्या नोंदी वाचताना आपल्याला पुढचं माहीत असतं, बाउटनला माहीत नव्हतं. म्हणूनच त्या नोंदींना पुरावा म्हणून किंमत आहे. पुढचं माहीत झाल्यावर लिहिलं असतं तर मार्शल पहिल्या पानापासून द्रष्टा झाला असता.

आणि तिसरी गोष्ट. सिॲटल पायलट्स हा संघ फक्त एकच मोसम टिकला. ९८ सामने हरला, दिवाळखोरीत गेला आणि १९७० चा मोसम सुरू होण्याच्या तोंडावर मिलवॉकीला हलवला गेला. हरलेल्या, बुडालेल्या संस्थांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. इथे एका काठावरच्या कर्मचाऱ्याची डायरी त्या संघाचा सगळ्यात जिवंत दस्तऐवज होऊन बसली.

गदारोळ आणि त्यातून न सुटलेला प्रश्न

पुस्तकाचे उतारे आधी ‘लुक’ मासिकात आले आणि वादळ उठलं. यांकीजचा महानायक मिकी मँटल दारू पिऊन येतो, खेळाडू उत्तेजक गोळ्या घेतात, बायकांच्या मागे असतात, हे सगळं त्यात होतं. बेसबॉलचे कमिशनर बोवी क्यून यांनी बाउटनला बोलावून घेतलं आणि पुस्तकातलं खरं नाही असं सांगणाऱ्या निवेदनावर सही मागितली. त्याने नकार दिला. क्रीडापत्रकार डिक यंगने लेखक आणि संपादक दोघांनाही समाजातून वाळीत टाकण्याच्या लायकीचं ठरवलं. यांकीजनी जुन्या खेळाडूंच्या वार्षिक मेळाव्याला त्याला अनेक दशकं बोलावलं नाही. १९९८ मध्ये त्याच्या मुलाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पत्र लिहिलं, त्यानंतर बोलावणं आलं.

गंमत अशी की ‘हे खोटं आहे’ असं पुराव्यानिशी फार कोणी म्हटलं नाही. राग होता तो ‘हे बाहेर का सांगितलं’ यावर. ड्रेसिंग रूममधलं ड्रेसिंग रूममध्येच राहतं हा तिथला अलिखित नियम, आणि बाउटनने तो मोडला होता.

तुम्ही संशोधक म्हणून कुठल्या बाजूला? घाईने उत्तर देऊ नका. बाउटनने सहकाऱ्यांची रीतसर संमती घेतली नव्हती. तो लिहितोय हे काहींच्या लक्षात येत होतं, पण आपलं कुठलं वाक्य छापून येईल हे कोणाला माहीत नव्हतं. आजच्या विद्यापीठाच्या नीतिसमितीपुढे हा प्रस्ताव गेला असता तर पहिल्याच बैठकीत परत आला असता. पण याच्या उलट बाजूचं एक वजनदार उदाहरण आहे. १९७५ मध्ये मेसरस्मिथ आणि मॅक्‌नॅली या दोन पिचरनी करारावर शेवटपर्यंत सही केली नाही आणि मोसम संपल्यावर आता आम्ही मोकळे आहोत असा दावा लावला. लवाद पीटर साइट्झ यांच्यासमोरच्या त्या सुनावणीत बाउटनने साक्ष दिली आणि त्याच्या डायरीतल्या नोंदी पुरावा म्हणून मांडल्या गेल्या. डिसेंबरमध्ये निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला आणि क्लबचा कायमचा ताबा संपला.

इथे जरा थांबा. ‘एका डायरीने गुलामी संपवली’ असं वाक्य लिहायचा मोह होतो. लिहू नका. निकाल करारातल्या शब्दांच्या अर्थावर लागला : एक वर्ष वाढवता येतो म्हणजे एकच वर्ष. डायरी त्या सुनावणीत होती, एवढंच आपण म्हणू शकतो. पण तेवढंही पुरेसं आहे. ती तिथे पोचू शकली, कारण नोंदी त्या त्या दिवशीच्या होत्या आणि त्यांत आकडे होते. ‘क्लब पिळवणूक करायचे’ असं मोघम लिहिलेली वही कुठल्याच लवादाच्या कामाची नव्हती.

मग संमतीचं काय? माझं मत असं की आपण प्रश्न चुकीच्या माणसांबद्दल विचारतो. मँटल, क्यून, क्लबचे मालक यांच्याकडे उत्तर द्यायला वर्तमानपत्रं होती, सत्ता होती. मँटलने तर पुढे १९९४ मध्ये, त्याचा मुलगा गेल्यावर बाउटनने पाठवलेल्या सांत्वनाच्या पत्रानंतर, फोनवर निरोप ठेवून मनातली अढी नसल्याचंही कळवलं. ज्यांना उत्तर देण्याची सोयच नव्हती त्या दुसऱ्याच आहेत.

पानाबाहेर राहिलेल्या

पुस्तकात बायका आहेत, भरपूर आहेत. पण त्या बहुतेक वेळा दुर्बिणीतून, भिंतीच्या फटीतून, हॉटेलच्या छतावरून दिसतात. खेळाडू चोरून बघतात, त्याला आपसात एक नाव देतात, मोसमभर त्यावर हसतात. बाउटन हे लपवत नाही, हे खरं. पण तो ते त्याच हसऱ्या सुरात सांगतो. पगाराबद्दल लिहिताना जो माणूस कोण कोणाला पिळतोय हे अचूक टिपतो, तो इथे फक्त किस्सा टिपतो. ज्यांना चोरून पाहिलं त्यांचं नाव नाही, म्हणणं नाही, त्यांना कळलं तर काय वाटेल हा विचारही नाही.

हेच ते कारण, ज्याचा उल्लेख मी सुरुवातीला केला. बाउटनची नजर धारदार होते ती त्याला टोचणाऱ्या गोष्टींवर. क्लब, प्रशिक्षक, करार त्याला टोचत होते. पुरुषांच्या टोळक्यात मात्र तो काठावर नव्हता, मधोमध होता. तिथले नियम त्याच्या बाजूने होते, म्हणून ते त्याला दिसले नाहीत. आतला माणूस सगळं आतून पाहतो हा आपला गैरसमज आहे. प्रत्येक जण काही बाबतींत आतला असतो आणि काही बाबतींत काठावरचा. त्याची वही त्या नकाशाप्रमाणे कुठे धारदार, कुठे बोथट होत जाते.

सुदैवाने या पुस्तकाला दुसरी बाजू मिळाली. १९८३ मध्ये ‘होम गेम्स’ नावाचं पुस्तक आलं. लेखिका दोन : बॉबी बाउटन, जिमची पहिली पत्नी, आणि नॅन्सी मार्शल, माइक मार्शलची पहिली पत्नी. तोपर्यंत दोघींचेही संसार मोडले होते. उपशीर्षकात त्यांनी स्वतःची ओळख बेसबॉल खेळाडूंच्या बोलू लागलेल्या बायका अशी करून दिली. ‘बॉल फोर’मध्ये अदलाबदलीची बातमी आली की नायक विमानात बसतो. त्याच वेळी घरात भाड्याचा करार असतो, मुलं असतात, अर्धवट लावलेलं सामान असतं. भटक्या पिचरची कारकीर्द ही त्याच्या घरातल्या बाईचीही भटकंती होती, तिच्या नावावर विजय-पराभवाचा कुठलाच आकडा न लागलेली.

‘होम गेम्स’ फार गाजलं नाही. ‘बॉल फोर’ १९९६ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने निवडलेल्या शतकातल्या पुस्तकांच्या यादीत जाऊन बसलं. दोन पुस्तकांच्या नशिबातला हा फरक साहित्यगुणांचा आहे असं कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य असेलही. बाउटनची विनोदबुद्धी दुर्मीळ आहे. पण संशोधकाने गाजलेल्या साधनावर थांबायचं नसतं. गाजलेलं साधन विनासायास सापडतं, एवढाच त्याचा गुण.

बाउटनच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याने १९६९ च्या नोंदी पुढे बदलल्या नाहीत. दहा, वीस, तीस वर्षांनी नव्या आवृत्त्या निघाल्या तेव्हा त्याने मागे नवी प्रकरणं जोडली, त्यांत मोडलेलं लग्न आलं, नंतरचं आयुष्य आलं, पण जुनं पान जुनंच ठेवलं. चार दशकांनंतरच्या शहाणपणाने स्वतःला सुधारून घेण्याची संधी त्याच्यापाशी होती. तो २०१९ मध्ये गेला. त्याची बोथट पानंही आपल्याला वाचायला मिळतात, ती त्याने झाकली नाहीत म्हणून.

तुमच्या वहीसाठी

उपदेशाची यादी द्यायची नाहीये, पण या पुस्तकातून चार सवयी उचलता येतात.

एक, त्याच दिवशी लिहा, आणि आकडा असेल तर आकडा लिहा. मजुरी ‘कमी’ लिहू नका. किती, कशाची, कोणी दिली, कधी दिली ते लिहा. कंटाळवाणं वाटणारं पानच पुढे उभं राहतं.

दोन, मत बदललं तर जुनी नोंद खोडू नका. तारीख टाकून खाली नवी लिहा. तुमचं मत कसं बदललं हाही डेटा आहे.

तीन, वही निम्मी झाली की एक दिवस फक्त तिच्यासाठी काढा. कुठल्या नोंदी लांब, तपशीलवार, चिडून लिहिलेल्या आहेत? तिथे तुम्ही काठावर आहात. कुठल्या नोंदी एका वाक्यात उरकल्यात, किंवा विनोदात घालवल्यात? तिथे बहुधा तुम्ही मधोमध बसलेले आहात. जातीबद्दल, बाईमाणसाबद्दल, कामवाल्या मावशींबद्दल, हॉस्टेलमधल्या ज्युनियरबद्दलच्या नोंदी या दृष्टीने मुद्दाम वाचा. सिनॉप्सिसमध्ये ‘संशोधकाची भूमिका’ म्हणून जो ठोकळेबाज परिच्छेद आपण सगळे लिहितो, त्यापेक्षा या वाचनातून हाती लागेल ते खरं असेल.

चार, तुमच्या प्रमुख माहितीदाराच्या घरी कोण आहे ते विचारा, आणि त्यांच्याशी वेगळं बोला. प्रत्येक ‘बॉल फोर’ची एक ‘होम गेम्स’ असते. फक्त बहुतेक वेळा ती कोणी लिहिलेली नसते. ती ऐकून घ्यावी लागते.

पुस्तक वाचायचं असेल तर मार्च ते जूनच्या नोंदी आधी वाचा, पेन्सिल हातात घेऊन. पैसा आला की एक खूण, प्रशिक्षकाचा सल्ला आला की दुसरी, बाई आली की तिसरी. पन्नास पानं झाली की खुणा मोजा आणि प्रत्येक खुणेपुढे लिहा : इथे बोलतंय कोण? तेच मग स्वतःच्या वहीवर करून पाहा. पुढच्या लेखात अशा नोंदींचं कोडिंग कसं करायचं ते पाहू, तेव्हा या खुणा हाताशी लागतील.